आठची साखळी

"माणूस खोटं बोलला तर त्याचा कान धरता येतो गं पोरी. साखळी खोटी निघाली तर काय धरशील?"

मावशीचा हा आवाज तिनं दुधाचे दात पडायच्या वयात ऐकलेला. मावशी बंदरावर शिडं शिवायची. दाताखाली दोरा, मांडीवर जाडजूड कापड, आणि तशातही गुणगुणणं चालूच:

कडीला जोडे कडी, साखळी झाली लांब
कच्ची कडी म्हणे बाई, नावेत जरा थांब

आज बोटीच्या सामानाच्या दुकानात उभी राहून ती साखळीकडे बघतच नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

दुकानाला ग्रीसचा आणि नव्याकोऱ्या दोराचा वास होता. भिंतीला नांगर टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेत उंचीनुसार उभी केलेली मुलं जशी. दोघांचं अर्धं आयुष्य या दिवसाची वाट बघण्यात गेलं होतं. शिडाची बोट घेतली, घर भाड्यानं द्यायचं ठरलं, तिनं नोकरी सोडली. आता नांगर आणि साखळी घेतली की वारा बघून निघायचं, बंदर करत, वर्षानुवर्षं. आणि नेमक्या याच वेळी नवरा कुठेतरी मागे सरकतोय असं तिला वाटायला लागलं होतं. दारात उभं राहून "तू हो पुढे" म्हणणाऱ्या माणसासारखा.

"आठची घेऊ," तो म्हणाला.

ती हसलीच. "आठ मिलिमीटरची? आपल्या एवढ्या बोटीला? अहो, भिंतीवर घड्याळ लावायला चार स्क्रू मारणारे तुम्ही. तुम्ही केलेली खुर्ची सरकवायला दोन माणसं लागतात. जन्मभर सुतारकी केलीत, कधी एक खिळा कमी मारलात?"

"लाकडाचं वेगळं, लोखंडाचं वेगळं."

दुकानदार मध्ये पडला. "वहिनी, ही आठची दिसते बारीक, पण हिचं पोलाद वेगळं आहे. साध्या दहाच्या साखळीइतका ताण घेते. वजन मात्र बरंच कमी. ते वाचलेलं वजन नांगरात टाकायचं. नांगर एक माप मोठा घ्यायचा, तो रुतला की झालं."

बोलून झाल्यावर त्यानं हळूच नवऱ्याकडे पाहिलं. पाठ म्हणून दाखवल्यावर पोरगं मास्तरांकडे बघतं, अगदी तसं.

"तुम्हाला कुणी पढवून ठेवलंय का हो?" तिनं विचारलं.

"छे छे, वहिनी!" म्हणत तो फडक्यानं काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छच होता.

मागच्या अंगणात दोन्ही साखळ्या फरशीवर लांबवर पसरून ठेवलेल्या. नवरा म्हणाला, "ओढून बघ. दोन्ही."

"तुम्ही ओढा की."

"मला अंदाज आहे. तू बघ."

तिनं दहाची ओढली. एकेक हात मागे घेत, पाय रोवून. तळहात लाल झाले, श्वास चढला. मग आठची ओढली, ती बऱ्यापैकी आली. नवरा डावा हात खिशात घालून उभा. सतत प्रश्न. "मनगट दुखलं का? दम लागला? अजून एवढीच ओढायची म्हटलं तर जमेल?"

"बैल विकत घेताय की काय?" ती म्हणाली. "दात दाखवू?"

तो हसला नाही. हसण्याजोग्या गोष्टीला हा माणूस हसत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालेलं.

घरी येताना तिच्या मनात एकेक गोष्ट दुसरीला जोडली जाऊ लागली. परवा बोटीवर एक परका माणूस होता. ती पोचेपर्यंत नवऱ्यानं त्याला वाटेलाही लावलं. "असाच, बोट बघायला आला होता," म्हणे. बोट असंच कोण बघतं? गिऱ्हाईक बघतं. हल्ली फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलतो. हात खिशातून काढत नाही, जेवताना मांडीवर ठेवतो. त्या मुठीत कसली किल्ली की कसला कागद, देव जाणे. आणि आता ही आठची. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यानं फेरी मारून संध्याकाळी घरी परतणाऱ्याला आठची मस्त पुरते.

बोट विकतोय हा. तिला न सांगता. गिऱ्हाईकाच्या पसंतीनं सामानसुद्धा भरतोय.

तिनं विचारलं नाही. संशयाचं विंचवाच्या पिल्लासारखं असतं, पाठीवर घेऊन हिंडावं लागतं. रात्रभर तो शांत झोपला, आणि त्या शांत झोपेचाही तिला राग आला.

सकाळी ती एकटीच दुकानात गेली. "दहाची द्या."

दुकानदारानं मान खाजवली. "दादांशी एकदा बोलून..."

"दादांची बोट अर्धी, माझी अर्धी. माझ्या अर्ध्या बोटीला दहाची द्या. त्यांच्या अर्ध्याला सुतळी बांधा."

"असं करा वहिनी, आधी दहाचा हा तुकडा न्या. नांगर उचलायच्या विंचच्या चाकावर बसतो का बघा. चाकाच्या खाचा कड्यांच्या मापाच्याच असाव्या लागतात, नाहीतर साखळी घसरते. घाई नको."

तुकडा पिशवीत घालून ती बोटीवर गेली. बोटीच्या पुढच्या टोकाला गुडघे टेकून बसली. विंच तिथेच होती. तिनं साखळी चाकावर मांडली. बसेना. कडी खाचेत शिरायच्या ऐवजी वरच अडकून राहायची, मोठ्या पायाला लहान चप्पल तशी. जरा ओढली की खट्‌कन उडून बाहेर.

मग तिनं चाक नीट पाहिलं. जुनं चाक काळपट होतं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. हे चकचकीत नवं होतं. खाचा लहान. आठच्या मापाच्या.

म्हणजे चाक आधीच बदललंय. दुकानात "आठची घेऊ" म्हणाला, अंगणात तिला घाम फोडला, तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं.

धक्क्यावर पावलं वाजली. दुकानदारानं फोन केला असणार. नवरा धापा टाकत आला होता.

"गिऱ्हाईक कोण आहे?" तिनं वर न बघताच विचारलं.

"कसलं गिऱ्हाईक?"

"बोटीचं. ज्याच्या मापाचं चाक बसवलंत, तो."

"मी बोट विकतोय? मी?" त्याचा आवाज चिरकला. "अगं, काय वेड लागलंय का तुला?"

"लागलंच असेल. मग तो परवाचा माणूस कोण?"

"दोऱ्यांचं काम करणारा. डोलकाठीपाशी ज्या दोऱ्या आहेत ना, त्या सगळ्या मागे सुकाणूपाशी आणून देणार आहे. एका माणसाला बसल्या जागेवरून बोट चालवता यावी म्हणून."

"एका माणसाला!" ती उभी राहिली. "आपण दोघं आहोत ना? की तुम्ही एकटेच निघालात? तेही सांगून टाका, म्हणजे मी घराच्या भाडेकरूला नको म्हणून कळवते."

तो त्या नव्या चाकाकडे बघू लागला.

"बोला की! नाहीतर हे धरा, आणि तुमची दहाच्या साखळीशी काय दुश्मनी आहे ते माझ्या तोंडावर सांगा." तिनं तुकडा त्याच्याकडे टाकला. त्याच्या डाव्या बाजूला.

त्यानं हात खिशातून काढला. हातात किल्ली नव्हती, कागद नव्हता. साखळी तळव्यावर पडली, बोटं तिच्याभोवती वळायला गेली आणि अर्ध्यातच राहिली. तुकडा डेकवर आदळला.

"नाटकं नकोत हां," ती म्हणाली. पण म्हणतानाच आवाज खाली आला. जो हात रंधा चालवताना लाकडाला गाणं म्हणायला लावायचा, तो हात असं नाटक करणार नाही.

त्यानं वाकून तुकडा उजव्या हातानं उचलला.

"विंच कधी ना कधी बंद पडतेच," तो म्हणाला. "मग साखळी हातानं ओढावी लागते. वादळ येतंय, नांगर उचलून निघायचंय, आणि माझे हात असे. तेव्हा तुला एकटीला ओढावी लागेल. दहाची नाही ओढवणार तुला. काल पाहिलं मी."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"जिन्यातले फोन त्यांचेच. डावा गेल्यातच जमा. उजव्याचाही भरवसा नाही म्हणतात. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही."

"आणि मला? मला कधी सांगणार होतात?"

"निघाल्यावर. किनारा दिसेनासा झाल्यावर."

"का?"

"आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे, घरीच थांबू. मायेनंच म्हणाली असतीस. आणि मी हो म्हटलं असतं." तो तिच्यासमोर डेकवर खाली बसला. "मला थांबायचं नाहीये गं. पण आता मी तुला नेऊ शकत नाही. तू नेशील का मला?"