मोडक्या पायाचा दोन

मी एक जुना गिझर आहे, मित्रांनो. टाकीवाला नव्हे, गॅसवाला. त्या ढेरपोट्या मंडळींसारखं पाणी आधीच तापवून पोटात धरून बसणं मला कधी जमलं नाही. माझ्या पोटात तांब्याची वेटोळी नळी आणि तिच्याखाली ज्योतींची रांग. नळ सोडला की ठिणगी पडायची, पंखा घरघरायचा, ज्योती उठायच्या आणि पाणी नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कढत व्हायचं. नळ बंद केला की मी विझायचो. उधारी नाही आणि शिल्लकही नाही, असा माझा रोखीचा व्यवहार. आता मी भंगारवाल्याच्या पत्र्याखाली उताणा पडलो आहे. शेजारी दार नसलेलं एक कपाट आहे. त्याला बोलायची हौस नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. कोणी नळी बसवली, कोणी पंखा, आणि सगळ्यांत शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईंनी मला जीभ दिली. जीभ म्हणजे छातीवरची काळी काच. तिच्यावर दोनच अक्षरं मावायची. आगपेटीच्या काड्या मांडून तुम्ही इंग्रजी आकडे करता ना, तशाच उजेडाच्या सात-सात काड्यांनी ती अक्षरं बनायची. तब्येत बरी असली की मी पाण्याचं तापमान सांगायचं, बिघडली की इंग्रजी ई आणि पुढे एक आकडा. एवढ्या भाषेत माझा संसार. माणसांना हजारो शब्द मिळाले आहेत, पण आपल्याला काय होतंय ते त्यांनाही सांगता येत नाही, हे मी पुढे पाहिलं.

ज्या घरी मी गेलो, तिथे तीन माणसं होती. सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. न्हाणीघरामागच्या उघड्या गॅलरीत मला भिंतीवर चढवलं आणि माझं धुराचं नळकांडं कठड्याबाहेर काढलं. बसवायला आलेला मिस्त्री बोलका होता. माझ्या पोटावर बिघाडांच्या कोडांची पट्टी चिकटवलेली होती, ती वाचायला सूनबाई वाकल्या, तर तो म्हणाला, "वहिनी, ते बारीक अक्षर कुठे वाचत बसता? माझं एवढं पाठ करा. एकाला आग, पाचाला पाणी, सहाला श्वास."

"हे काय, पाढे?" सूनबाई म्हणाल्या.

"पाढेच. ई एक आला तर आग पेटत नाही, सिलिंडर बघा. ई पाच आला तर पाणी कमी येतंय, जाळी धुवा. आणि ई सहा आला तर याचा श्वास कोंडलाय, धूर बाहेर जात नाही. तेव्हा मात्र शहाणपणा करायचा नाही. बंद करायचं, खिडक्या उघडायच्या आणि मला बोलवायचं."

"एकाला आग, पाचाला पाणी, सहाला श्वास," सासूबाईंनी लगेच म्हणून दाखवलं. "बघ गं, मला तुझ्याआधी पाठ झालं."

पट्टीवर पुढे ओल चढली आणि ती गळून पडली. कोणाला तिची आठवणही आली नाही. पाढा होता ना.

पहिली काही वर्षं माझ्या जमेच्या बाजूला नुसतं कौतुक होतं. "नळ सोडला की पाणी!" असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, जणू त्यांनीच मला जन्म दिला होता. खर्चाच्या बाजूला फक्त मुलाचा हात होता.

त्याचं असं आहे, मित्रांनो. हे घराणंच थपडेचं. सासूबाईंचे यजमान रेडिओला थपडा मारून बातम्या ऐकत. मुलाने तो वारसा टीव्ही, मिक्सर आणि पंख्याचं बटण यांच्यापर्यंत वाढवला. स्वभावाने तो गरीब. रस्त्यातल्या कुत्र्यालाही 'हाड' म्हणताना अवघडायचा. पण यंत्र अडलं की हात उठायचा. "यंत्र आणि जावई," तो म्हणायचा, "थोपटल्याशिवाय चालत नाहीत." गंमत अशी की थपडेनंतर पुष्कळदा यंत्र चालायचंही. माझंच घ्या. सिलिंडर संपत आला आणि मी ई एक दाखवला, की तो सिलिंडर हलवायचा, मला बंद करून चालू करायचा आणि वर एक थप्पड द्यायचा. मी पेटायचो. श्रेय थपडेच्या खात्यात जायचं.

अशाच एका थपडेने माझी एक काडी विझली. दुसऱ्या अक्षराची, डावीकडची, खालची. मला दुखलं असं नाही म्हणणार. पण तेव्हापासून माझं बोलणं बोबडं झालं.

ते पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांना बेचाळीस अंशांचं पाणी लागायचं. बेचाळिसातला दोन आता गुडघ्याखाली तुटलेला दिसायला लागला. त्या घरात पडून त्यांचं खुब्याचं हाड नुकतंच मोडलं होतं आणि त्या काठी टेकत चालायच्या.

"अगं, इकडे ये," त्यांनी सुनेला हाक मारली. "हा दोन बघ. पाय मोडलाय बिचाऱ्याचा. माझी साथ करतोय!"

दोघी खूप हसल्या. मुलालाही दाखवलं. तो म्हणाला, "दुरुस्त करून घेऊ कधीतरी." त्या घरात 'कधीतरी' हा आठवा वार होता.

खुबा मोडल्यावर सासूबाईंना आतली अंधारी खोली नकोशी झाली. त्यांना उजेड हवा, रस्ता दिसायला हवा. म्हणून मुलाने हौसेने गॅलरी काचेने बंद करून घेतली आणि माझ्याच खाली त्यांची खाट मांडली. काचवाल्याने काचेला भोक पाडून माझं नळकांडं नीट बाहेर काढलं. त्याच्या नावावर मी काही टाकत नाही. मिस्त्रीला मात्र कोणी विचारलं नाही. भिंत तीच, गिझर तोच, त्याला काय विचारायचं?

सासूबाई तिथे खूश होत्या. उन्हाळ्यात मला काम नसायचं. नळकांड्याच्या तोंडाशी पाखरांची एक जोडी गवताच्या काड्या घेऊन ये-जा करायला लागली. "पाहुणे आलेत हो आपल्याकडे," त्या खाटेवरून सगळ्यांना सांगायच्या. पिलं झाली, चिवचिव झाली, उडून गेली. काड्या राहिल्या. माणसंही पाहुण्यांना दारापर्यंत पोचवतात आणि त्यांनी मागे काय ठेवलं ते बघायचं राहून जातं.

मग थंडी आली. बोटभर फट सोडून काचा बंद झाल्या आणि मला पुन्हा काम लागलं.

पहिल्याच आठवड्यात माझा श्वास कोंडायला लागला. धूर अर्धाच बाहेर जायचा, अर्धा उलटा फिरून गॅलरीत उतरायचा. त्यातल्या विषाला ना रंग होता ना वास. मी मला शिकवलं होतं तेच केलं. ज्योती विझवल्या आणि ओरडलो, ई सहा! ई सहा!

मित्रांनो, काड्या घ्या आणि स्वतः मांडून बघा. इंग्रजी सहातली डावीकडची खालची काडी काढली की काय उरतं?

"ई पाच आलाय," सूनबाई म्हणाल्या.

"पाचाला पाणी," खाटेवरून सासूबाईंनी पाढा पुढे नेला. "जाळी धू."

जाळी धुतली. मुलाने मला बंद करून चालू केलं, थप्पड मारली. मी थोडा वेळ पेटलो, कारण पुन्हा चालू केल्यावर एकदा प्रयत्न करून बघणं माझ्या रक्तातच होतं. आणि मग पुन्हा ओरडलो. असं रोज होऊ लागलं. शेवटी मुलाने मिस्त्रीला फोन लावला.

"ई किती?" मिस्त्रीने विचारलं.

"पाच."

"पाचच ना?"

"अहो, समोर उभा राहून वाचतोय."

"मग पाणीच. जाळी धुवा."

"रोज धुतोय. आता जाळीच झिजायची."

"तर वरच्या टाकीतून जोर कमी असेल. बंद करून चालू करत राहा. येतो मी कधीतरी."

त्याच्याकडेही तो आठवा वार होता.

सूनबाईंना मध्ये एकदा खटकलं होतं. बादलीखाली हात धरून त्या म्हणाल्या, "अहो, पाणी तर धो धो येतंय. हा कमी आहे म्हणून का रडतो?"

"वय झालंय त्याचं," मुलगा म्हणाला. "काहीही बरळतो."

त्याच दिवसांत सासूबाई म्हणायला लागल्या होत्या, "सकाळी उठले की डोकं जड असतं गं. मळमळतं. दुपारी बाहेर ओट्यावर बसले की उतरतं." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मुलगा आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "वय झालंय, आई." दोघांनाही त्याने तेच निदान लावलं, मला आणि तिला. आम्ही दोघं एकच गोष्ट सांगत होतो.

एका सुटीला मुलाची बहीण आणि जावईबापू मुक्कामाला आले. सकाळी एकापाठोपाठ एक अंघोळी सुरू झाल्या. जावईबापूंची अंघोळ म्हणजे सोहळाच. आतून गाणी येत होती. मी तीनदा विझलो. तिन्ही वेळा मुलगा पाय न वाजवता गॅलरीत आला, आई उठू नये म्हणून. मला बंद करून चालू केलं. त्या दिवशी त्याने थप्पडसुद्धा हलकेच मारली. जाताना आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि गार वारा येत होता म्हणून काचेची उरलेली फट लावून घेतली.

मी ओरडत होतो. माझी जीभ त्याच्या डोळ्यांसमोर होती.

अंघोळी उरकल्यावर सूनबाई चहा घेऊन आल्या. सासूबाईंच्या गालांवर लाली होती. "किती छान झोप लागलीय," सूनबाई नणंदेला हळूच म्हणाल्या. "राहू दे, नंतर गरम करीन." तो चहा परत कोणी गरम केला नाही.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, झोपेत गेल्या, असं मरण भाग्याने मिळतं. सगळ्यांनी मान डोलावली. मुलगा खाटेच्या पट्टीवर बसून राहिला. मग उठून रडताना त्याने माझ्या पत्र्याला डोकं टेकलं होतं.

खाट रिकामी झाली. काचा बंदच राहिल्या. आता गॅलरीत कपडे वाळत घालताना सूनबाईंचं डोकं जड व्हायला लागलं. त्यांचं वय झालं नव्हतं.

एका सकाळी पाणी कोमट वाटलं म्हणून त्यांनी माझं बटण दाबलं. पंचेचाळीस. पुन्हा दाबलं. पंचेचाळीसच. पुन्हा दाबलं, सत्तेचाळीस झाले. त्या थबकल्या. एक पायरी उतरल्या, पंचेचाळीस. आणखी एक उतरल्या, पंचेचाळीस. बटण दाबत त्या खाली खाली आल्या, बेचाळिसापर्यंत, आणि मोडक्या पायाच्या दोनाकडे बघत उभ्या राहिल्या. ओठ हलताना मी पाहिले.

"दोनाचा पाय मोडला... मग सहाचाही..."

त्यांनी मला बंद केलं. सगळ्या काचा उघडल्या. मग मिस्त्रीला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "कधीतरी नाही. आत्ता."

मिस्त्रीने नळकांडं उतरवून झटकलं. गवत, पिसं, काजळी यांचा ढीग फरशीवर पडला. तो बघत राहिला. "पण मग... याने ई सहा दाखवायला पाहिजे होता."

"त्याने दाखवला," सूनबाई म्हणाल्या.

मिस्त्रीने रिकाम्या खाटेकडे पाहिलं. त्याला आपला पाढा आठवला असावा. त्याने गॅसचा कॉक बंद करून वर तार गुंडाळली.

संध्याकाळी मुलगा घरी आला. सूनबाईंनी त्याला गॅलरीत आणलं. न सांगता आयुष्य काढता आलं असतं. दिवसभर तो ढीग तसाच ठेवून त्या तोच हिशेब करत आतली फरशी पुसत होत्या. पण घरात आता नवा गिझर लागणार, मिक्सर आहे, टीव्ही आहे, आणि तो हात आहे. त्यांनी माझी विजेची पिन लावली.

"बघा. हे पंचेचाळीस. आता शेहेचाळीस करते."

"झाले नाहीत."

"झाले. दिसले नाहीत. ती काडी विझलीय."

तो हिशेबाचा पक्का होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने फरशीवरचं गवत पाहिलं, उघड्या काचा पाहिल्या, खाट पाहिली. मग आपला उजवा तळहात उताणा करून तो त्याच्याकडे बघत राहिला.

"मी मारली," तो म्हणाला.

काय मारली, ते त्याने सांगितलं नाही. सूनबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून मिटला.

"थप्पड," त्या म्हणाल्या. "थप्पड मारलीत तुम्ही. वाक्य तेवढंच आहे. पुढे काही जोडायचं नाही."

"तू जोडणार नाहीस?"

त्यांनी माझी पिन काढली. जीभ विझली, ती कायमची.

तर मित्रांनो, हे माझं आयुष्य. यंत्रांना मारू नका, हे तर सांगतोच. पण माझं मागणं त्याहून थोडं मोठं आहे. एखादी वस्तू किंवा एखादं माणूस तुम्हाला रोज तेच तेच सांगत असेल, तर पाठ केलेला पाढा म्हणू नका, जवळ जाऊन नीट वाचा. मोडकं काही बघून हसू आलं असेल तर ते दुरुस्तही करा. आणि घरातलं कोणी म्हातारं माणूस सकाळी डोकं जड आहे म्हणालं, तर त्याचं वय मोजत बसू नका. आधी खिडकी उघडा.