अळणी रविवार

लिअँडर पार्सन्सने उभ्या आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या लिटल गॅनेट हार्बर या मच्छीमारांच्या गावात त्याच्याबद्दल पुढे जे बोललं गेलं ते बरोबर याच्या उलट होतं. त्याचा बाप जोसाया पिऊन पिऊन मेला, असं सगळं गाव म्हणायचं. मरताना तो पिवळा पडला होता आणि पोट ढोलासारखं झालं होतं. लिअँडर तेव्हा पोरसवदा होता. थडग्याशी उभं राहून त्याने मनाशी जे ठरवलं ते पुढे पाळलं. लग्नात, नाताळात, होडीवरच्या कडाक्याच्या थंडीत, कुठेही नाही.

बायको ड्रुसिला गेल्यावर तो एकटाच राहिला. मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ हेवर्ड देवळाच्या टेकडीपलीकडे राहायचा. दर रविवारी प्रार्थना आटोपली की लिअँडर त्याच्याकडे जेवायला जायचा. हेवर्डची बायको ट्रायफिना रविवारचं जेवण जसं करायची तसं अख्ख्या किनाऱ्यावर कोणी करत नसे. मिठात मुरलेलं गोमांस, त्याच पाण्यात कोबी, गाजर, सलगम आणि बटाटे. आठवड्यातल्या सात दिवसांपैकी त्या एका दुपारी लिअँडर कोणाच्या तरी समोर बसून जेवायचा.

मग त्याच्या पायांवर सूज यायला लागली. कमरेचा पट्टा बसेना. चार पायऱ्या चढला की दम लागायचा. शहरातल्या डॉक्टरांनी पोटाची तपासणी केली आणि सांगितलं, लिव्हर कडक झालंय, पूर्वीसारखं व्हायचं नाही, पण आहे ते जपता येईल.

"किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पीत नाही."

डॉक्टर किंचित हसले. लिअँडरच्या ते लक्षात राहिलं.

आणखी तपासण्यांसाठी रक्त घेतलं, पाणी उतरायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, मीठ बंद. खारवलेलं मांस नाही, खारी मासळी नाही, डब्यातलं सूप नाही.

त्या रविवारी ट्रायफिनाने ताट समोर ठेवलं. लिअँडरने बाजूची दोन गाजरं तेवढी घेतली.

"हे काय? पाखरासारखं काय टिपतोयस?" ती म्हणाली.

"मीठ बंद केलंय गं डॉक्टरांनी."

"मग? मी कुठे मीठ घालते? या भांड्यात चिमूटभर टाकलं असेल तर दाखव."

"मांसातच असतं ना ते. त्याच पाण्यात सगळं शिजतं."

"रात्रभर भिजवून पाणी ओतून देते मी! तुमची आई एवढंही करत नव्हती. आणि तिच्या हातचं खाऊन तुम्ही दोघं घोड्यांसारखे वाढलात."

हेवर्ड मान खाली घालून जेवत होता. "खा रे लेका," तो म्हणाला. "एका रविवारानं काय होतंय?"

लिअँडरने खाल्लं. त्या रविवारी खाल्लं, पुढच्याही रविवारी खाल्लं. बाईचं मन मोडवत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे त्या टेबलावरून उठून जायचं कुठे, हा प्रश्न होता. महिना सरायच्या आत पोटात इतकं पाणी भरलं की आडवं होऊन श्वास घेता येईना. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात सुई घालून पाणी काढलं, बादलीभर.

घरी परतल्यावर तो हेवर्डकडे गेला नाही. बरं वाटत नाही, असं फोनवर सांगितलं. दोन-तीनदा तेच कारण दिल्यावर त्यांनीही विचारणं सोडलं. ट्रायफिनाने दुकानात चार बायकांसमोर म्हटलं, "माझ्या हातचं विष झालंय आता त्याला." आमच्याकडे असं वाक्य संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरी पोचतं. लिअँडरच्या घरीही पोचलं.

रविवारी दुपारी आमच्या गावात प्रत्येक घरातून एकच वास येतो. लिअँडर त्या वेळी खिडक्या लावून घ्यायचा.

मिठाची त्याला पक्की धास्ती बसली होती. दुकानात तो डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचायचा आणि परत फळीवर ठेवायचा. सूपमध्ये मीठ, लोणच्यात मीठ, चीजमध्ये मीठ. पावातसुद्धा होतं. एकेक पदार्थ सुटत गेला. मांस तर नकोच, असं त्याचं त्यानेच ठरवलं. अंडी लिव्हरला जड, असं कोणीतरी म्हणालं, तर तीही गेली. ड्रुसिला असताना त्याने कधी चूल पेटवली नव्हती, त्यामुळे जे येत होतं तेवढंच उरलं. उकडलेला बटाटा आणि काळा चहा. तो बटाटा तो मोरीपाशी उभा राहूनच खायचा. टेबलावर एकट्यासाठी ताट मांडायचं त्याला कसंतरीच वाटायचं. दंड काठीसारखे झाले, गाल बसले. पोट मात्र तसंच राहिलं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो धक्क्यावर सापडला. पायात नुसते मोजे. दुसऱ्याच कोणाच्या होडीचा दोर सोडायची त्याची धडपड चालली होती. जीभ जड झाली होती, हात थरथरत होते. "बाबा थांबलेत तिकडे खडकापाशी," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. लोक जमले. कोणीतरी हेवर्डला बोलावून आणलं. हेवर्डने त्याला दंडाला धरून फिरवलं. त्याच्या तोंडाला कसलासा गोडसर, कुजका वास येत होता.

"तूसुद्धा?" हेवर्ड म्हणाला. "शेवटी बापासारखाच निघालास."

त्या दिवसाचं दुसरं काही लिअँडरला आठवत नाही. हे एवढं आठवतं.

दवाखान्यात पोट साफ होण्याचं गोड औषध दिलं, आणि दोन दिवसांत त्याचं डोकं ताळ्यावर आलं. दारू नव्हती ती. लिव्हर थकलं की शरीरातली घाण रक्तातून मेंदूपर्यंत जाते आणि माणूस असा बरळतो, हे त्याला तिथे कळलं. मॉइरा नावाची आहारतज्ज्ञ बाई खुर्ची ओढून त्याच्या खाटेशी बसली.

"आजारी पडायच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"बटाटा."

"आणखी?"

"चहा."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"तेच," लिअँडर म्हणाला.

"मिस्टर पार्सन्स, तुम्हाला मीठ सोडायला सांगितलं होतं, जेवण नाही." तिने त्याचा दंड दोन बोटांत धरला. "हे बघा. धडधाकट माणसाचं लिव्हर रात्रीपुरता साठा करून ठेवतं. तुमच्याला ते जमत नाही. पोट रिकामं राहिलं की शरीर या दंडातलं मांस खायला लागतं. म्हणून दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं. अंडी, ताजी मासळी, कडधान्यं, दूध. आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्ल्याशिवाय दिवा मालवायचा नाही."

"मांस-मासळी बंद नाही?"

"कोणी सांगितलं? तुम्हाला तर ती इतरांपेक्षा जास्त हवी. फक्त खारवलेली नको. आणि कच्चे शिंपले मुळीच नकोत."

"एकट्यासाठी कोण रांधत बसणार, बाई?"

"मग कोणासाठी रांधणार? लिव्हर तुमच्या एकट्याचंच आहे."

घरी सोडताना डॉक्टरांनी रक्ताचे निकाल सांगितले. त्याचं शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषत होतं आणि ते वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये साठत गेलं होतं. जन्मापासूनचाच दोष, आईबापांकडून आलेला. दारूशी काही संबंध नाही. "सख्खी भावंडं असतील तर त्यांनाही तपासून घ्यायला सांगा," डॉक्टर म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

लिअँडरने घरी येऊन हेवर्डला फोन लावला.

"रक्त तपासून घे," तो म्हणाला. "आपल्या रक्तात लोह साठतं. मला त्यानेच झालंय."

 मागून ट्रायफिनाचा आवाज आला, "काय म्हणतोय?" आणि मग, "लोखंड? आता लोखंडावर ढकला!"

"बघू," हेवर्ड म्हणाला आणि फोन ठेवला.

हिवाळा आला. खाडी गोठली. लिअँडर रांधायला शिकला. शेजाऱ्याने दिलेला ताजा कॉड मासा कांद्याबरोबर दुधात शिजवला, वरून सेव्हरी या वासाच्या झुडपाचा वाळवलेला पाला चुरडला. पहिल्यांदा ओला कागद चावल्यासारखं लागलं. कडधान्यं रात्री भिजत घालायची हे त्याला दोनदा करपवल्यावर कळलं. टेबलावर ताट मांडून बसायची मात्र त्याने स्वतःला शिस्त लावली. झोपण्यापूर्वी एक उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध. त्या वेळी रेडिओवर मच्छीमारांसाठी हवामान सांगायचे. समुद्रावर जायचं नव्हतं, तरी तो पूर्ण ऐकायचा. तेवढाच घरात माणसाचा आवाज.

मॉइरा महिन्यातून एकदा फोन करायची. त्या सकाळी लिअँडर दाढी करून धुतलेला सदरा घालायचा आणि फोनजवळ बसून राहायचा. फेब्रुवारीत त्याने तिला सांगितलं, "बाई, गाजर गोड असतं हो! इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नाही."

मॉइरा मोठ्याने हसली. "जीभ जागी झाली तुमची."

पुढच्या महिन्यात फोनवर दुसराच आवाज होता. मॉइराची बदली झाली होती. नव्या बाईने वजन विचारलं, पायाला सूज आहे का विचारलं, "छान चाललंय" म्हणाली आणि फोन ठेवला. बिनमिठाचं कोबीचं सूप जमल्याची जी गोष्ट मॉइराला सांगायची होती, ती लिअँडरच्या मनातच राहिली. तो त्या धुतलेल्या सदऱ्यात दुपारपर्यंत तसाच बसून होता.

मार्च संपता संपता एका दुपारी हेवर्ड दारात उभा. टोपी हातात. आत येऊन तो उभाच राहिला.

"बस," लिअँडर म्हणाला.

"माझ्यातही आहे ते. लोखंड." हेवर्डने टोपी फिरवली. "गुडघे धरले म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. तू म्हणाला होतास ते त्यांना सांगितलं. आता ते कमी व्हावं म्हणून आठवड्याला पिशवीभर रक्त काढतात. लिव्हर अजून शाबूत आहे म्हणाले. वेळेत आलात म्हणाले."

"बरं झालं."

"बाबांचा रंग आठवतो तुला? तांब्यासारखा. आपण म्हणायचो, समुद्रावरचं ऊन."

"प्यायचे ते, हेवर्ड."

"प्यायचे. पण तेवढ्यानेच गेले असतील का, कोणास ठाऊक." तो थांबला. "त्या दिवशी धक्क्यावर मी..."

"जेवलास का?" लिअँडरने विचारलं.

दुधातला कॉड तयार होता. हेवर्डने एक घास घेतला, आणि त्याची नजर टेबलभर फिरली.

"मीठ कुठाय?"

"नाही."

"घरातच नाही?"

"नाही."

हेवर्डने घास गिळला, तोंड वाकडं केलं, पण ताट संपवलं. "हे असं रोज खातोस?"

"रोज."

"एकटाच?"

लिअँडर ताटं उचलायला उठला.

जाताना हेवर्ड रविवारी ये म्हणाला नाही. तिथे त्याच्यासाठी खायला काही नव्हतं, आणि वेगळं भांडं चढवायला सांगायची हेवर्डची छाती नव्हती. पण दोन आठवड्यांनी तो एक वाडगा घेऊन आला. "ट्रायफीने दिलाय. वाटाण्याच्या डाळीचा गोळा. मांसाच्या पाण्यात नाही शिजवला, साध्या पाण्यात फडक्यात बांधून उकडलाय. तुझ्यासाठी वेगळा."

तो गेल्यावर लिअँडरने चमचाभर तोंडात घातला. पूर्वी त्याला कळलं नसतं. आता चिमूटभर मीठही जिभेवर ओरडून सांगत होतं. मुद्दाम टाकलं की हाताची सवय, ते तिलाच ठाऊक. तो वाडगा पुढ्यात घेऊन पुष्कळ वेळ बसला. चव इतकी ओळखीची होती की डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याने काही पोटात पाणी भरणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पण आज चिमूट चालली की पुढच्या खेपेला दोन होतील आणि मग पुन्हा ते ताट येईल, हेही माहीत होतं. शेवटी त्याने गोळा किनाऱ्यावर नेऊन समुद्रपक्ष्यांना घातला, वाडगा धुतला आणि फोन केला.

"ट्रायफी, मीठ आहे त्यात."

"चिमूटभर," ती म्हणाली. "नाहीतर ते अन्न म्हणायचं का?"

"मला तेवढंही कळतं आता. मी खाल्लं नाही. खोटं सांगणार होतो, पण मग तू पाठवत राहिली असतीस."

तिने फोन ठेवला. हेवर्डही त्यानंतर बरेच दिवस फिरकला नाही. खाडीतलं बर्फ फुटलं, होड्या पाण्यात उतरल्या. लिअँडरला वाटलं, खरं बोलून होतं तेही घालवलं.

ईस्टर होऊन गेल्यावरच्या एका रविवारी, लोक देवळातून परतत असताना, दारावर कोणीतरी ठोठावलं. उघडलं तर कोणी नाही. पायरीवर फडक्याने झाकलेला वाडगा होता. ट्रायफिनाची पाठ टेकडीवर चढताना दिसली. तिने वळून पाहिलं नाही.

आत तोच डाळीचा गोळा होता. त्याने टेबलाशी बसून पहिला घास घेतला. मीठ नव्हतं. काहीच नव्हतं, ओल्या पिठाचा लगदा. त्याने निम्मा सावकाश खाल्ला आणि फोन लावला.

"चव नाही ना काही?" तिने लगेच विचारलं. "मी चाखलाय. जनावर खाणार नाही."

"चांगला झालाय, ट्रायफी."

"बरं."

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता, ताटं वाजत होती. कोणीतरी हसलं. पाहुणे होते बहुतेक. "सलगम इकडे दे गं," असं हेवर्ड कोणाला तरी म्हणत होता.

"जेवायला बसलोय आम्ही," ट्रायफिना म्हणाली.  मग म्हणाली, "वाडगा सावकाश दे."

फोन बंद झाला तरी लिअँडरने तो थोडा वेळ कानाशीच धरून ठेवला. मग खुर्ची सरकवून उठला आणि उरलेला गोळा झाकून ठेवला, झोपण्यापूर्वी खायला.