मॅगझिनमधली थोरली

मित्रांनो, मी एक जुनी पिस्तुलाची गोळी आहे. जुनी असले तरी अजून उडालेली नाही, नाहीतर तुमच्याशी बोलायला उरलेच नसते. माझ्यासारखी कुणी कुठे पडलेली दिसली तर हात लावू नका, घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा. हे आधीच बजावून ठेवते. मी करंगळीएवढीही नाही, पण मला कुणी कमी लेखलेलं खपत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेचं अंग, पोटात दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आणि वर तांब्याचा मुलामा दिलेलं शिशाचं नाक. हे नाक यंत्राने अंगात दाबून बसवलं होतं. आम्ही सगळ्या बहिणी एका मापाच्या. जरा कुणी उंच, जरा कुणी बुटकी निघाली की तपासणाऱ्या बाई तिला बाजूच्या डब्यात टाकायच्या. मला त्यांनी एकदाच बघितलं आणि पुढे सारलं. तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

तिथून मी एका बँकेत आले. तिजोरीच्या खोलीबाहेर पहाऱ्याला एकच पिस्तूल होतं आणि ते दोन माणसं वापरायची. दिवसा वहिनी, रात्री तिचा धाकटा दीर. एका घरातली माणसं, पण एकमेकांशी निवांत बोलायला त्यांना सकाळ-संध्याकाळची पाळी बदलतानाच वेळ मिळायचा.

पिस्तूल दुसऱ्याच्या हातात रिकामंच द्यायचं, असा तिथला नियम. आम्हा गोळ्यांचं घर म्हणजे मॅगझिन. जाणारा माणूस ते काढून घ्यायचा, नळी वाळूच्या पेटीकडे करून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायचा आणि नळीत बसलेली गोळी तळहातावर झेलायचा. ती परत मॅगझिनमध्ये सगळ्यांच्या वर दाबून ठेवायची. मग येणारा माणूस मॅगझिन आत घालायचा, स्लाइड ओढून सोडायचा, आणि वरची गोळी पुन्हा नळीत. ती वरची गोळी म्हणजे मी. रोज सकाळी मी, रोज संध्याकाळी मी.

"वहिनी, हिच्या अंगावर ओरखडे पडलेत बघा," एकदा दीर म्हणाला. "दुसरी घेऊ या का वर?"

"कशाला? म्हणजे ती पण खरचटेल," वहिनी म्हणाली. "घरात रोजच्या चहाला एकच कप वापरतो ना आपण? बाकीचे कपाटात चांगले राहतात. ही आपली रोजच्या वापराची."

"म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखी!"

"गप बसा भाऊजी. आणि तुम्ही कपाटातले कप वाटतं? म्हणूनच कधी विसळलेले दिसत नाहीत."

तिने माझ्या बुडाच्या कडेला नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. त्या दिवसापासून मी थोरली. खालच्या सगळ्या धाकट्या. खालून स्प्रिंग आम्हाला वर रेटायची, पण कितीही रेटलं तरी वर कोण? मी. माझ्याशिवाय त्या घरातलं पान हलत नव्हतं, असं मी धाकट्यांना उठता-बसता ऐकवायचे.

मॅगझिनमधून नळीत जाताना एक छोटी चढण लागते. स्लाइड मागून ढकलायची आणि त्या चढणीवर माझं नाक आपटायचं. रोजच. आपटलं तर आपटलं. मान मिळतो तिथे थोडं सोसावं लागतं, आणि मी काही कण्हणाऱ्यातली नाही.

मग एका सकाळी वहिनीने स्लाइड सोडली आणि मी अर्ध्यातच अडकले. नाक चढणीला टेकलेलं, अंग तिरपं, स्लाइड उघडी. मला काही कळेना. रस्ता तोच, ढकलणारी तीच, जाणारी मीच. वहिनीने मॅगझिन काढलं, मला बाहेर पाडलं, पुन्हा वर ठेवलं. दुसऱ्या खेपेला गेले. "झोप झाली नसेल तिची," दीर म्हणाला. पण मग ते वरचेवर होऊ लागलं.

नेमकं ते तपासणीच्या साहेबांसमोर झालं. साहेबांनी पिस्तुलाकडे बघितलंच नाही, वहिनीच्या हाताकडे बघितलं.

"स्लाइड पूर्ण ओढायची आणि एकदम सोडायची असते, बाई. मनगटात जोर लागतो."

"साहेब, याच मनगटाने भरलेला सिलिंडर दोन जिने वर नेते मी," वहिनी म्हणाली. तिने स्लाइड कचकन ओढली आणि सोडली.

मी अडकले. मित्रांनो, मला त्या क्षणी पिस्तुलातून उडी मारावीशी वाटली.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो," साहेब म्हणाले. "तेव्हाही अडकलं तर पिस्तूल जमा करायचं आणि गेटवर गाड्या लावायला उभं राहायचं."

वहिनीचा चेहरा उतरला. नेमबाजीच्या परीक्षेत पुरुषांना मागे टाकून तिने ही जागा मिळवली होती. त्या बँकेत हत्यार सांभाळणारी बाई ती एकटीच. शिट्टी वाजवत गाड्या मागे घ्यायला लावणं तिच्या जिवावर आलं होतं.

हत्यारांची दुरुस्ती करणारे मिस्त्री आले. त्यांनी पिस्तूल खोललं, चढण घासूनपुसून आरशासारखी केली, मॅगझिनचे ओठ, म्हणजे त्याच्या तोंडाच्या कडा, वाकलेत का बघितलं, स्प्रिंग नवी घातली. मग मैदानावर नेऊन सरावाच्या नव्या गोळ्या उडवल्या. एकही अडकली नाही. "पिस्तूल ठणठणीत आहे," असं सांगून ते मोकळे झाले. वहिनीने ते परत आणलं, मला मानाने वर बसवलं, स्लाइड सोडली आणि मी पुन्हा अडकले.

"मग माझ्याच हातात खोट आहे का हो, भाऊजी?" तिचा आवाज खाली गेला होता.

"तुमच्या हातात खोट असती तर माझ्या हातात का अडकतंय?"

मलाही हेच विचारायचं होतं. पिस्तूल चांगलं, मॅगझिन चांगलं, माणसं चांगली. मी तर थोरली, माझ्यावर कुणाचा संशय जायचं कारणच नव्हतं. मी खालच्या धाकट्यांवर घसरले, "तुम्हीच नीट रेटत नाही गं!"

साहेब येणार त्या सकाळी वहिनीने मॅगझिन रिकामं केलं, आम्हाला एकेक करून कोरड्या फडक्याने पुसलं आणि टेबलावर ओळीत उभं केलं. दीर निघायच्या बेतात होता. तो डबा पिशवीत टाकता टाकता थांबला.

"वहिनी, ही एक खुजी कशी काय?"

वहिनी खाली वाकली, डोळे टेबलाच्या कडेला आणले. तिने मला उचलून उलटं केलं. लाल ठिपका.

"थोरली? अहो, ही तर सगळ्यांच्या बरोबरीची होती!"

मी शेजारणीकडे बघितलं. तिच्या नाकाचा शेंडा माझ्या वर होता. मित्रांनो, आयुष्यभर जिला धाकटी म्हटलं तिच्याकडे मान वर करून बघायची वेळ आली. मी उंचीने कमी झाले कधी? कुणी काही कापलं नव्हतं, काही गळून पडलं नव्हतं.

साहेबांबरोबर मिस्त्रीही आले. त्यांनी मला बोटांत फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "मी पिस्तूल बघितलं, मॅगझिन बघितलं, गोळ्या बघितल्याच नाहीत. रोज हीच आत-बाहेर करता का? रोज आपटून आपटून हिचं नाक आत दबलंय. म्हणून ती चढणीवर चढत नाही. आणि चुकून चढली आणि उडाली असती ना, तर आतली जागा कमी झाल्यामुळे दाब इतका वाढला असता की पिस्तूल हातात फुटलं असतं."

वहिनीने मला टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलं, एका धाकटीला वर बसवलं आणि स्लाइड सोडली. खट्ट! धाकटी गेली. तिला बाहेर काढलं, दुसरी वर घातली. खट्ट! साहेबांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं. सगळ्या धाकट्या जावा तोऱ्यात गेल्या, आणि मी कोपऱ्यातून बघत राहिले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पिस्तूल तुमच्याकडेच राहू दे."

"आणि मनगटाचं काय ठरलं, साहेब?"

साहेबांनी घड्याळात बघितलं आणि चहा आला का, ते विचारलं.

आता मी मिस्त्रींच्या डब्यात आहे. ते माझं नाक काढतील, दारू वेगळी करतील, पितळ वितळवायला पाठवतील. माझा काय गुन्हा झाला, ते मला अजून नीटसं कळत नाही. मी कधी नाही म्हटलं नाही. ज्या कामासाठी जन्मले ते एकदाही केलं नाही, आणि झिजले मात्र रोज. मित्रांनो, रोजच्या कामाला ज्याला तुम्ही नेहमी पुढे करता, त्याला मान द्या, पण अधूनमधून सगळ्यांच्या ओळीत उभं करून बघतही जा. आळीपाळीने कामाला लावा. नुसत्या मानाने नाक शाबूत राहत नाही.

डब्यात टाकण्याआधी वहिनीने मला शेवटचं तळहातावर घेतलं होतं. लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बाई गं, तुला उडवायची वेळ आली नाही, हेच तुझं नशीब आणि माझंही."

ही शाबासकी होती की टोमणा, तेवढं मला कुणीतरी सांगा.