रिकाम्या खुर्चीचा वाटा

शाळेत त्यांना सगळे तळ्याच्या बाईच म्हणायचे. शिकवायच्या विज्ञान, पण नाव झालं ते त्यांनी रचलेल्या खेळामुळे. वाडग्यात चाळीस मणी, म्हणजे तळ्यातले मासे. चौघांनी पाळीपाळीने हवे तेवढे काढायचे. दर फेरीनंतर उरलेल्यांच्या निम्मे मणी बाई पुन्हा टाकायच्या. दहा फेऱ्यांत ज्याच्याकडे जास्त, तो जिंकला. शेवटी वाडग्यात काही उरलंच, तर ते पाचव्या खुर्चीपुढे ठेवायचं. ती खुर्ची अजून जन्माला न आलेल्या मुलाची.

सहसा सहाव्या फेरीतच वाडगं रिकामं व्हायचं. मग पोरं घरी जाऊन आईबापांचं डोकं खायची. कारखान्याचं पाणी गावाच्या तळ्यात सोडणं बंद झालं, ते या पोरांनी घरोघरी खेळ मांडल्यावरच. वर्गातली ती खुर्ची मात्र बाईंच्या लेकीची, तिला लहान होऊ लागलेली. पुढेमागे नातवंड बसेल म्हणून बाईंनी ती हौसेने पिवळी रंगवली होती.

लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. एका दुपारी तिने शांतपणे सांगितलं, की मूल होऊ द्यायचं नाही असं त्या दोघांनी ठरवलंय. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, त्या खुर्चीपुढे कधी काही उरलेलं आपण पाहिलंच नाही.

इतकी वर्षं लपवलेलं बाईंनी घाईघाईने सांगून टाकलं. खऱ्या तळ्यात मासे याहून भराभर वाढतात. पोरांना चटका बसावा म्हणून मणी टाकताना त्यांनीच हात आखडता घेतला होता.

"ठाऊक आहे," लेक म्हणाली. "मणी मोजून मीच तर द्यायचे तुला."

"मग?"

"मणी कमी पडायचे म्हणून नाही गं आई. तू, बाबा नि मी घरी खेळायचो ना, तेव्हा शेवटच्या फेरीत तू पण मूठ भरून घ्यायचीस. मला हरवायला. ती खुर्ची कुणाची, हे माहीत असून."

अगं, तो खेळ होता, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण हा नुसता खेळ नाही, असं त्याच दरवर्षी नव्या वर्गाला सांगत आल्या होत्या. लेक निघाली तरी त्यांना उठवेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगी आली नव्हती, म्हणून चौथ्या जागी बाई स्वतः बसल्या. त्या घेत नाहीत हे बघून मुलांनीही हात आवरले. शेवटची पाळी बाईंची. वाडग्यात सात मणी होते. त्यांनी ते तसेच पिवळ्या खुर्चीपुढे ठेवले, आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"बाई, आता हे कोण घेणार?" समोरच्या मुलाने विचारलं.

घंटा झाली, पोरं पळाली. मणी डबीत भरून ठेवायचे होते, पण बाईंच्याने ते काही उचलवेनात.