त्रेचाळीस वर्षांचा उजेड

ज्या गाण्यावर हजारो पोरंपोरी पांढरे सदरे घालून नाचत आणि एका ठरलेल्या ओळीला अंगावर पाण्याच्या बाटल्या ओतून घेत, त्या गाण्यातला सदरा प्रेमिलाच्या आजोबांचा होता. हे तिच्याखेरीज दोघांनाच माहीत होतं. एक तिची कॉलेजातली मैत्रीण नीतू, आणि दुसरा तिलक. गाण्यावर नाव त्याचंच होतं.

१९९९ साली प्रेमिला गोंदियाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वसतिगृहाच्या खोलीत ती, नीतू आणि नीतूचा टेपरेकॉर्डर. 'सातवा ग्रह' हा नागपूरचा बँड त्या वर्षी पोरांच्या तोंडी बसला. ड्रम आणि गिटारचा दणदणाट, आणि गाणी सगळी आकाशातली: विझत चाललेले तारे, वाट चुकलेली यानं, शनीच्या कड्यांवरून घसरत जाणारा माणूस. चाहते स्वतःला 'उपग्रह' म्हणवून घ्यायचे. नीतूला तिलकचा आवाज आवडायचा, आणि केसही. प्रेमिलाचं वेगळं होतं. जे ती वहीत समीकरणं म्हणून उतरवत होती, ते कुणीतरी गळा फाडून गात होतं. त्या गोष्टींनी डोळ्यांत पाणी येऊ शकतं, हे तिला प्राध्यापकांनी सांगितलं नव्हतं, त्या कॅसेटीनं सांगितलं.

डिसेंबरात तिनं बँडला पत्र लिहिलं. तिच्या पुस्तकाच्या शेवटी ताऱ्यांच्या अंतरांचा तक्ता होता. ब्रह्महृदय हा ठळक तारा, अंतर जवळजवळ त्रेचाळीस प्रकाशवर्षं. तिनं सहज वजाबाकी केली. आज दिसणारा त्याचा उजेड छप्पन साली निघालेला. आणि छप्पन सालीच तिचे आबाजी, सेवकराम, केशोरीहून नागपूरला निघाले होते, बाबासाहेबांच्या सभेला, दीक्षा घ्यायला. वय अठरा. पाच दिवस पायी. अंगावर लग्नातला पांढरा सदरा, दुसरा नव्हताच. भंडाऱ्याजवळ वैनगंगेत त्यांनी तो धुतला, झुडपावर वाळवला आणि मगच पुढची वाट धरली. नागपुरात उभं राहायचं तर मळक्या कपड्यांनी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

"दोघंही एकाच वर्षी निघाले," तिनं लिहिलं. "आजोबा पाच दिवसांत पोचले. उजेड आत्ता पोचतो आहे."

दीड महिन्यानं पोस्टकार्ड आलं. 'तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आजोबांना नमस्कार सांग. यातून गाणं होणार. — तिलक.'

गाणं झालं. २००१च्या कॅसेटीत ते पहिलंच होतं, नाव 'त्रेचाळीस'.

नदीत धुतला सदरा, सखे,
त्रेचाळीस वर्षं चालतो आहे.
तुझ्या दाराशी पोचेन तेव्हा
मी उजेड झालेला असेन.

नीतूनं गाणं दोनदा ऐकलं, मग कॅसेटीचं कव्हर उलटंपालटं करून पाहिलं.

"अगं, ये तो तेरा लेटर है. तुझं नाव कुठे आहे?"

"पत्र म्हणजे गाणं नव्हे," प्रेमिला म्हणाली.

"आणि ही सखे कोण? आजोबा सखीकडे गेले होते?"

"गाण्यात लागते गं सखी."

तेव्हा तिला हे खरंच पटलेलं होतं. आपल्या घरातली गोष्ट त्या आवाजात शिरली, याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं की काय गळलं ते तिनं मोजलं नाही. एरवी ती प्रयोगवहीत चिमूटभर क्षारही दोनदा तोलून लिहिणारी.

पुढची बारा वर्षं ती उपग्रहच राहिली. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागली, रोज संध्याकाळी केशोरीला परतायची, लग्नाचं जुळलं नाही. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग गाणी मोबाइलवर आली. 'त्रेचाळीस' जुनं झालं नाही. पांढऱ्या सदऱ्यांची प्रथा कुठून सुरू झाली कोण जाणे, पण 'नदीत धुतला' ही ओळ आली की पाणी ओतायचं, हा नियमच झाला. नागपूरच्या कार्यक्रमात प्रेमिलानंही तीनदा पांढऱ्या कुडत्यावर पाणी ओतून घेतलं होतं. त्रेचाळीसच का, यावर चाहते इंटरनेटवरच्या उपग्रहांच्या पानावर तासन्‌तास वाद घालत. कुणी म्हणे तिलकच्या वसतिगृहातल्या खोलीचा नंबर, कुणी म्हणे पहिल्या प्रेयसीच्या घराचा. प्रेमिला वाचायची, कधी हसायची, लिहायची नाही.

२०१३च्या नोव्हेंबरात ती ओसरीवर मोबाइलवर कार्यक्रमाची चित्रफीत पाहत होती. आबाजी बाजेवर टेकलेले होते. पंच्याहत्तर वर्षांचे, नजर अजून बरी. त्यांनी मान पुढे केली.

"चौदा आक्टोबर तं होऊन गेली न? हे कोनती सभा होय?"

"सभा नाही आबाजी. गाण्याचा कार्यक्रम आहे."

"मग सारे पांढऱ्या कपड्यात काऊन आहेत?"

मैदानभर पांढरं माणूस. तिनं ती गर्दी आजवर शेकडो वेळा पाहिली होती आणि तिला हे सुचलं नव्हतं. आबाजींनी छप्पन साली पाहिलेली गर्दी अशीच होती. त्यांनी दुसऱ्या कशाशी तुलना करायची?

तिनं मग त्यांना सगळं सांगितलं. पत्र, पोस्टकार्ड, सदरा. आबाजी हरखले. आत असलेल्या आजीला, कलाबाईला, हाक मारली. "अवो, आयकली काय? माह्या सदऱ्यावर गानं केलं म्हनते पोट्ट्याहीनं."

"त्या सदऱ्याले माह्या बापानं कापड आनलं होतं," आजी आतूनच म्हणाली. "ते नाई का गान्यात?"

आबाजींनी गाणं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर विचारलं, "याच्यात नागपूर कोठी आहे?"

"नाही आहे."

"मग चालून कोठी राह्यला तो?"

आबाजींनी बराच वेळ पायाच्या अंगठ्याचं नख खरवडलं. "त्याले म्हन, एक डाव नागपूर म्हन म्हनाव. अन् काऊन गेलतो ते. बाकी तुह्यं गानं तू गाय. मी आहो तवरक म्हनला पाह्यजे. मंग कोन म्हनते?"

त्यानंतर त्यांनी रोज विचारलं. तीन आठवड्यांनी 'सातवा ग्रह' गोंदियाला येणार होता आणि कार्यक्रमाच्या समितीत नीतूचा नवरा होता. प्रेमिलानं जन्मात पहिल्यांदा कुणाकडे शब्द टाकला.

कार्यक्रमाच्या दुपारी आबाजींनी नवा पांढरा सदरा घातला. हॉटेलच्या खोलीत तिलक भेटला. केस विरळ झालेले, आवाज तोच. प्रेमिलानं प्लास्टिकच्या पाकिटातून पोस्टकार्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुम्ही ती? अरे, मला वाटलं होतं तुम्ही कधीतरी भेटाल."

"जयभीम," आबाजी म्हणाले.

"नमस्कार, नमस्कार," म्हणत तिलकनं वाकून त्यांचे पाय धरले. कुणीतरी फोटो काढला.

आबाजींनी वेळ घालवला नाही. "बाबू, गानं चांगलं आहे. फक्त एक डाव नागपूर म्हना. अन् दीक्षेले गेलतो मी, ते म्हना."

"आजोबा, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहणार आज. सगळ्यांना सांगणार मी, हे गाणं तुमचं आहे."

आबाजींचा चेहरा उजळला. निघताना तिलक प्रेमिलाला बाजूला घेऊन हळू म्हणाला, "मॅडम, एक सांगू? आपली गाणी विश्वाची आहेत. सगळे येतात ऐकायला. त्यात जात, धर्म आणला की माणसं वाटली जातात. ताऱ्याला जात नसते."

"ताऱ्याला नसते," प्रेमिला म्हणाली. "चालणाऱ्याला होती. म्हणून तर तो चालला."

तिलक हसला. "अजून पत्रातल्यासारखंच बोलता. बघतो, कसं मांडायचं ते."

बघतो म्हणाला, एवढं तिनं ऐकलं. हो म्हणाला असं मात्र तिनं मनाशी लिहून घेतलं.

संध्याकाळी मैदान पांढरंधोप होतं. सात वाजायच्या आत 'त्रेचाळीस'ची पहिली गिटार वाजली आणि तिलकनं हात वर करून ती थांबवली. नीतूच्या नवऱ्यानं आबाजींना हाताला धरून वर नेलं. दिव्यांच्या झोतात ते डोळे किलकिले करून उभे राहिले. प्रेमिला खाली कठड्याला टेकून होती, नीतू तिच्या शेजारी.

"दोस्तांनो, बारा वर्षं तुम्ही विचारताय, हे गाणं कुणाचं," तिलक म्हणाला. "हे गाणं यांचं आहे. इथल्या मातीतला माणूस. अठरा वर्षांचा होता. एका मुलीसाठी पाच दिवस पायी चालत गेला. तिच्यासमोर मळक्या कपड्यांत उभं राहायचं नव्हतं, म्हणून नदीत सदरा धुतला. दोस्तांनो, प्रेम म्हणजे हे!"

मैदान गरजलं. नीतूनं प्रेमिलाचा दंड पकडला. वर आबाजी माइककडे झुकले होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, एक हात वर गेला होता. तेवढ्यात ड्रम सुरू झाला. पहिली ओळ आली तेव्हा गिटारवाल्यानं मोठ्या मानानं, दोन्ही हातांनी, आबाजींच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिती केली. डिसेंबरचे दिवस. खाली हजारो बाटल्या उलट्या झाल्या. प्रेमिलाच्या हातातलीही कुणीतरी हिसकून तिच्याच अंगावर ओतली.

नीतूच्या घरी जाताना आबाजी गाडीत शाल लपेटून बसले होते, दात वाजत होते.

"मी सांगत होतो," ते म्हणाले.

"काय म्हणालात आबाजी?"

"नागपूर म्हनलो. दीक्षेचं म्हनलो. ते डफडं वाजून राह्यलं होतं."

दुसऱ्या दिवशी ते केशोरीला पोचायच्या आत चित्रफीत पोचली होती. आजी दारातच उभी होती. "या. पाच दिवस पायी गेले, अन् मले सांगतलं दीक्षेले चाललो. कोन होती ते नागपूरची?" ती हसत होती. आबाजीही हसले. दोन दिवसांनी विहारातून परतताना पानठेल्यावरच्या पोरांनी 'लवर आबाजी' अशी हाक मारली, तेव्हा ते हसले नाहीत. आठवड्यानं विहारातच त्यांच्या वयाच्या केवलरामनं विचारलं, "सेवक्या, तू आमच्यासंगं सभेत होता का त्या बाईच्या घरी?" गंमतच होती. पण आबाजी दुसऱ्या दिवशी विहारात गेले नाहीत, तिसऱ्याही नाही. आजीनंही मग तो विषय काढणं सोडलं.

कॉलेजात अश्विन नावाचा अकरावीतला मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, तुमच्या आजोबांची लव्ह स्टोरी जबरदस्त आहे."

"ते दीक्षेला गेले होते. मी ते बँडला पत्रात लिहिलं होतं, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पण तिलकसर खोटं कायले सांगतील?"

तिनं पोस्टकार्डाचा फोटो आणि चार वाक्यं उपग्रहांच्या पानावर टाकली. पहिला प्रतिसाद पाच मिनिटांत आला. 'गाण्यात राजकारण आणू नका.' मग: 'फेमस व्हायचंय का?' मग: 'आजोबा स्टेजवर खूश दिसत होते, तुम्हाला काय त्रास?' खाली तिलकचा एक हसरा चेहरा आणि दोन शब्द, 'प्रेमच प्रेम.' संध्याकाळपर्यंत ती नोंद काढून टाकलेली होती. तिनं मोबाइलमधली 'सातवा ग्रह'ची सगळी गाणी पुसली. चौऱ्याऐंशी होती. पुसताना प्रत्येकाची पहिली ओळ डोक्यात आपोआप वाजत गेली, ती काही पुसता आली नाही.

आठ दिवसांनी जेवणाआधी आबाजी अंगणात येऊन उभे राहिले. आठ वाजत आले होते.

"तो तारा दाखव मले. ज्याच्यापायी तूनं पत्र लिवलं."

प्रेमिलानं ईशान्येकडे बोट दाखवलं. आंब्याच्या शेंड्याच्या वर, पिवळसर, ठळक. आबाजींना सापडायला वेळ लागला.

"हा होय? नाव काय म्हनली?"

"ब्रह्महृदय."

"नावबी असं," ते म्हणाले. मग विचारलं, "अन् हा उजेड माह्या दीक्षेच्या सालचा न?"

खोटं सांगायला हरकत नव्हती. पण हा तिचा विषय होता. "नाही आबाजी. हा सत्तर सालचा. छप्पनचा उजेड नव्व्याण्णव साली येऊन गेला."

"गेला?"

"गेला. आला आणि पुढं निघून गेला."

"पुढं म्हंजे, कोनाले दिसंल तो आता?"

"इथं नाही दिसणार कुणाला."

आबाजींनी मान डोलावली. सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून घेतल्या. "पन तवा तूनं पाह्यला होता न? आला तवा?"

प्रेमिलाला ती डिसेंबरची संध्याकाळ लख्ख आठवली. वसतिगृहाची खिडकी थंडीसाठी बंद, नीतूचा टेपरेकॉर्डर, पुस्तकाच्या शेवटचा तक्ता, वजाबाकी, पेन. बाहेर अंगण होतं, वर आकाश होतं. कॅसेटीची एक बाजू संपली की ती उठून दुसरी लावत होती. पत्र पूर्ण होईपर्यंत, आणि त्यानंतरही, ती दाराबाहेर गेली नव्हती.

"पाह्यला, आबाजी," ती म्हणाली.