वीस वर्षं जगणारा

दुपारी पाऊण वाजता मामाने काचेच्या पेटीत पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीत पाण्याची वाटी होती, लाकडाचा ओंडका होता, साप नव्हता. दीड वाजता भाची शाळेतून येणार होती.

चूक त्याचीच. सकाळी पेटीवरचा दिवा गेला म्हणून त्याने झाकण काढलं, तेवढ्यात गिऱ्हाइकाने हाक मारली, आणि झाकण जे उघडं राहिलं ते राहिलंच. पुढे इस्त्रीचं दुकान, मागे राहायची खोली, मध्ये नुसता पडदा. कुणाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय हे ज्याला तोंडपाठ, त्या माणसाला एक झाकण ध्यानात राहू नये, याला काय म्हणावं?

खरं सांगायचं तर मामाला सापाची भयंकर भीती. टीव्हीवर दिसला तरी पाय वर घेऊन बसणारा माणूस हा. पण आठ महिन्यांपूर्वी बहीण गेली, दहा वर्षांची भाची एक दप्तर आणि दोन पिशव्या घेऊन त्याच्याकडे आली, आणि तेव्हापासून पोरीने तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. वाढलं तर खायची, विचारलं तर बोलायची. शेवटी एका रविवारी तो तिला पाळीव प्राण्यांच्या दुकानात घेऊन गेला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "हवं ते घे." त्याच्या मनात ससा होता.

पोरीने प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभं राहून दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, हा किती वर्षं जगतो? पांढरा उंदीर, दोन. ससा, आठ. लव्हबर्ड, दहा. कोपऱ्यातल्या पेटीत पेन्सिलीएवढा जाड नारिंगी साप वेटोळं करून पडला होता.

"हा वीस वर्षं आरामात," दुकानदार म्हणाला. "विषारी नाही. फक्त ऊब लागते याला. ऊब असेल तिकडे जातो."

"हाच," पोर म्हणाली. मामाने पेटीकडे न बघता पाकीट काढलं.

आणि आता वीस वर्षांचा साप नवव्या दिवशीच गायब. तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याने कपाट हलवलं, गादी उलटली, मोरीत टॉर्च मारला. सापडला तर धरायचा कसा, याचा विचार तो करतच नव्हता, नाहीतर शोधायलाच धजावला नसता. एक वाजला. दमून तो इस्त्रीच्या टेबलाला टेकला आणि हाताला चादरीची धग लागली. ऊब असेल तिकडे जातो.

टेबलाशेजारी सकाळी तीन ढीग होते. दोन अजून तिथेच होते, ते त्याने एकेक कपडा झटकून पाहिले. तिसरा त्याने स्वतः गाठोड्यात बांधून, गरम गरम, वरच्या मजल्यावर नेऊन दिला होता. बाळंतिणीकडे. बारा दिवसांच्या बाळाची झबली आणि दुपटी.

मामा जिने कसा चढला ते त्याचं त्याला कळलं नाही.

दार बाळंतिणीच्या सासूने उघडलं. "काय हो, एवढी धाप लागलीय?"

"काकू, सकाळच्या गाठोड्यात दुसऱ्याचं काहीतरी आलंय. चुकून."

"आत आहे बघा. बाळाची आत्ताच आंघोळ झालीय."

आत पलंगावर बाळ उघडंच हातपाय झाडत होतं, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर गाठोडं होतं. गाठ सुटलेली. वरचं एक झबलं बाहेर काढून ठेवलेलं. बाळाची आई दुसऱ्यासाठी हात घालतच होती.

"ताई, थांबा." आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तिने दचकून हात मागे घेतला. "मी काढतो. नाहीतर घड्या मोडतील."

त्याने गाठोडं स्वतःकडे ओढलं आणि दुपट्यांच्या मधे हात घातला. पहिली घडी. दुसरी. तिसरीत काहीतरी कोरडं, गुळगुळीत बोटाला लागलं आणि हललं. किंचाळलो तर या दोघी किंचाळणार, मग कुणीतरी चप्पल उचलणार, आणि दीड वाजता पोर येणार. त्याने ओठ दातांत धरले आणि हात तिथेच ठेवला. साप बोटांवरून मनगटाकडे आला, शर्टाच्या बाहीत शिरला आणि तिथे गुंडाळून बसला. माणसाच्या अंगाला ऊब असते ना.

"सापडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"अहो, केवढा घाम फुटलाय तुम्हाला."

"इस्त्रीपुढे उभा असतो काकू, दिवसभर." संध्याकाळी येऊन काकूंना खरं काय ते सांगायचं, असं त्याने ठरवलं. आत्ता आधी खाली पोचायचं होतं.

तो हात छातीशी धरून खाली उतरला. पडद्यापलीकडे भाची दप्तर पाठीवर घेऊन उघड्या पेटीपुढे उभी होती. रडत नव्हती. आई गेली त्या दिवशी अशीच उभी होती, हे मामाला आठवलं.

"मेला का?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाही गं. हा बघ."

त्याने बाही वर केली. सापाने डोकं काढलं. पोरीने तो घेतला नाही. ती मामाच्या हाताकडे बघत राहिली, तो कोपरापासून थरथरत होता.

"तुला भीती वाटते याची?"

"खूप."

"मग घेऊन का दिलास?"

"तू मागितलास म्हणून."

मग तिने विचारलं, "मामा, तुझं वय किती?"

"बेचाळीस."

तिचे ओठ हलले, बोटं मिटली. दुकानातला तो प्रश्न ती प्रत्येक पिंजऱ्यापुढे का विचारत होती, ते मामाला आत्ता कळलं, आणि एवढा वेळ न आलेलं पाणी त्याच्या डोळ्यांत आलं.

"बासष्ट," ती म्हणाली. "हा असेपर्यंत तू असशील?"

असलं वचन कुणी कुणाला देऊ शकत नाही, हे त्या खोलीतल्या दोघांनाही चांगलं माहीत होतं.

"असेन," मामा म्हणाला.

तिने अलगद साप सोडवून घेतला, पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि दोन्ही खिट्या ओढून पाहिल्या. मग ती वळली, आणि मामाची बहीण त्याला आयुष्यभर ज्या आवाजात झापायची, थेट त्याच आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी झाकण नीट लावत जा. सगळं मीच बघायचं का?"