भिंतीतले तीन ठिपके

आधी भिंत बघायची, मग गाठ. हा नियम प्रोफेसर ओरेस्ते वाल्दाम्ब्रिनींनी घालून दिला होता, आणि रोममधल्या त्यांच्या प्रयोगशाळेत पोप बदलले तरी तो बदलला नव्हता. मेंदूतल्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, पेशींत रंग भरायचा, आणि मोजायला बसण्याआधी कापातली एखादी रक्तवाहिनी शोधायची. वाहिनी म्हणजे रोग्याची स्वतःची, निरोगी. गाठीनं ती शरीराकडून फितवून आणलेली. रंगानं एका ठरावीक गुणसूत्राच्या जागी लाल ठिपका उमटतो: निरोगी पेशीत दोन, गाठीच्या पेशीत तीन. वाहिनीच्या भिंतीत दोन दिसले की रंग नीट बसला, मोजा. तीन दिसले की रंग बिघडला, काच फेका.

त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीनं, तुल्लियानंही फेकल्या होत्या. किती, ते तिला सांगता आलं नसतं. फेकलेल्याचा हिशेब कोण ठेवतं?

आता तिच्यासमोर काच होती ती खुद्द प्रोफेसरांच्या गाठीची. वसंतात एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता त्यांचा डावा हात थांबला, तो थांबलाच. सर्जननी काढता आली तेवढी गाठ काढली आणि म्हाताऱ्यानं शुद्धीवर येताच हुकूम सोडला: माझी गाठ माझ्याच प्रयोगशाळेत मोजली जाईल, बाकी सगळे चोर आहेत.

आणि त्यांच्या गाठीतल्या भिंतीत तीन ठिपके होते.

"रंग बिघडलाय. पुन्हा कर," लोरिस म्हणाला. तो आता विभागप्रमुख होता. एके काळी दोघांनी एकाच प्रोफेसरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"पुन्हा केली. नवा काप, नवा रंग. तेच."

"मग तुझा हात बिघडलाय."

"ये इकडे." तिनं त्याची मान जवळजवळ धरूनच मायक्रोस्कोपवर वाकवली. "भिंत सोड. नळीच्या आत बघ. रक्तातली पांढरी पेशी अडकलीय. किती?"

लोरिसनं चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. "दोन."

"तोच रंग, तीच काच. केसभर अंतर. आत दोन, भिंतीत तीन. आता सांग, हात कुणाचा बिघडलाय?"

ही वाहिनी शरीरानं पाठवलेली नव्हती. गाठीच्याच पेशी चपट्या होऊन, एकमेकींना चिकटून नळी झाल्या होत्या. गाठ स्वतःच्याच अंगातून स्वतःच्या पोटापाण्याची सोय करत होती.

"सोमवारपासून त्यांचं औषध सुरू होतंय," लोरिस हळू आवाजात म्हणाला.

तेच तर होतं. प्रोफेसरांनी ज्याच्यासाठी अर्धं आयुष्य घातलं तेच औषध. गाठ शरीराला हाक मारते, नळ्या पाठव. औषध ती हाक दाबतं, गाठ उपाशी मरते. पण जी गाठ हाकच मारत नाही, तिचा गळा कुठून दाबणार? आणि त्या औषधापायी रोममध्ये अडकून पडायचं, दर पंधरवड्याला सुई, शिवाय मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. त्यांच्या बायकोला, योलांदाला, त्यांना अब्रुत्सोच्या डोंगरातल्या गावी न्यायचं होतं. हातात उन्हाळा एकच होता, आणि तोही पुरा मिळेलच असं नाही.

"मी त्यांना सांगणार आहे," तुल्लिया म्हणाली.

"वेडी आहेस का? एका काचेवरून? त्या माणसाकडे एवढंच उरलंय, आपलं औषध आपल्याला वाचवील म्हणून. तेही काढून घेणार?"

"डोकं त्यांचं आहे, लोरिस. तुझं-माझं नाही."

मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याची चूक त्याला मरेपर्यंत कळू द्यायची नाही, असा एक गलिच्छ रिवाज विद्वानांत असतो. पुढे सगळे काळे कोट घालून अंत्यविधीला येतात आणि चर्चच्या पायरीवर कुजबुजतात, बिचाऱ्याला कळलंच नाही. तुल्लियाला त्या पायरीवर उभं राहायचं नव्हतं. तिनं प्रोफेसरांना फोन लावला, काचेचा फोटो पाठवते म्हणाली.

"फोटो नको," पलीकडून खरखरीत आवाज आला. "फोटो बघून माझ्या आत्यानं ऑस्ट्रेलियातला नवरा केला होता. बोटीतून उतरल्यावर कळलं, फोटो त्याच्या धाकट्या भावाचा. मी येतो."

शनिवारी ते आले, चाकाच्या खुर्चीत. योलांदा ढकलत होती; तिच्या पिशवीत मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप भरलेली रोटी होती.

"इथं खायचं नसतं," प्रोफेसर म्हणाले.

"चाळीस वर्षं इथंच लपून खाल्लंस. मला काय माहीत नाही?"

तुल्लियानं मायक्रोस्कोप खाली घेतला. उजव्या हातानं यंत्राचं चाक फिरवत ते बघत राहिले. डोळा काढला नाही.

"भिंत खराब. फेक," ते म्हणाले. "हेच शिकवलंय ना मी तुला?"

"नळीच्या आत बघा, प्रोफेसर."

त्यांनी चाक थोडं फिरवलं, मागं आणलं, पुन्हा फिरवलं. मग कपाळ तसंच यंत्राला टेकवून ठेवलं.

"निरोगी म्हणून मी जिला मोजपट्टी केली, ती हीच," ते म्हणाले. "अशा किती काचा फेकल्या असतील ग आपण?"

"माहीत नाही."

"मला माहीत असायला हवं होतं. तुला नाही. मला."

तिनं 'नाही हो' म्हटलं नाही. खोटं सांत्वन करायला ती आली नव्हती.

त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत जुनी धार आली होती. "सोमवारी औषध घेणार मी."

"का? आत्ताच बघितलंत ना!"

"बघितलं म्हणूनच! एका काचेला कोण विचारतं? औषध सोडा माझ्या डोक्यात. मेलो की उघडा, आणि बघा. दोन ठिपक्यांच्या नळ्या गेल्या आणि तीनच्या उभ्या राहिल्या, तर सगळं जग ऐकेल. यापेक्षा चांगला प्रयोग आहे का?"

योलांदानं खुर्चीचा दांडा सोडला. "आणि मी? मी काय करू? बाहेर बाकावर बसून उघडायची वाट बघू?"

ते बायकोकडे न बघता तुल्लियाकडे बघत होते. "तू मोजशील. लिहून घे."

"नाही मोजणार."

"काय?"

"तुमचं डोकं मी मोजणार नाही." तिचा आवाज चढला, या खोलीत या माणसासमोर तो कधी चढला नव्हता. "इथं तुम्ही पेशंट आहात. पेशंटला खरं सांगायला मी आले होते, कामाला जुंपायला नाही. आणि तुमची गरजच नाहीये! आपण काचा फेकल्या, गाठी ज्यांत जपून ठेवतो ते मेणाचे ठोकळे फेकले नाहीत. तळघरात शेकडो पडलेत. त्यांतल्या कित्येकांनी हेच औषध घेतलं, मेले, त्यांचे मेंदू उघडले, ठोकळे केले. त्यांचं देणं देऊन झालंय. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही एवढंच. मी बघते. तुम्ही गावी जा."

"उद्धट आहेस."

"तुमच्याकडेच शिकले."

शेवटचा मोठेपणाही कुणी हातातून काढून घेतला की माणूस जसा दिसतो, तसा म्हातारा दिसला. मग चांगला हात मागं नेऊन चाचपडू लागला, योलांदाचा हात सापडेपर्यंत.

"ती रोटी काढ," तो म्हणाला.

औषध सुरू झालं नाही. लोरिस महिनाभर तुल्लियाशी बोलला नाही. मग एक दिवस स्वतःच तळघरात उतरला आणि धुळीनं माखलेल्या पेट्या वर आणू लागला. दोघं मोजायला बसले. भिंत आधी नाही. नळीतलं रक्त आधी, मग भिंत. काही गाठींत भिंत खरोखरच निरोगी निघाली. काहींत नाही. औषध घेऊन मेलेल्यांच्या कापांत तिसरा ठिपका बाहेरच्या उन्हासारखा स्वच्छ दिसायचा, आणि प्रत्येक वेळी लोरिस खुर्ची मागं सारून खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

ऑगस्ट सरताना तुल्लियानं गावी फोन केला. योलांदानं उचलला. मागं कोंबड्यांचा आवाज होता.

"बाहेर झाडाखाली बसलाय," ती म्हणाली. "शब्द गेले त्याचे गेल्या आठवड्यात. मला ओळखतो. कधी कधी."

"मग राहू दे, सिन्योरा. नंतर बोलू."

"राहू दे काय? तुझा फोन आला का, म्हणून विचारत होता, बोलत होता तोवर." पावलं वाजली, दार करकरलं. "त्याच्या कानाला लावते. समजेल न समजेल. तू सांग, सगळं सांग."

तुल्लियानं सांगायला सुरुवात केली. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.